दुसऱ्या कबुतराची चिठ्ठी

९ जानेवारी

नोकरी लागून आज आठ दिवस झाले. वाचनालय बंद पडल्यावर दीड वर्ष घरात बसून होते, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. वहीत लिहायला मात्र हरकत नसावी. विमानांच्या संग्रहालयात नोकरी, आणि बसायची जागा तळघरात. वर दालनात लाकडी सांगाड्यांची, कापडी पंखांची जुनी विमानं छताला टांगलेली आहेत. त्यांच्या बरोबर खाली, दहा पायऱ्या उतरून, मी.

ह्याला दप्तरखाना म्हणतात. लांबी बावीस पावलं, रुंदी नऊ. खिडकी नाही. जुन्या फिल्मची रिळं पेट घेतात म्हणून दार लोखंडी, आणि चोरी व्हायला नको म्हणून कडी बाहेरून. सकाळी नऊला पहारेकरी मामा मला आत सोडून कडी घालतात. एकला उघडतात, दोनला घालतात, पाचला उघडतात. मध्ये काही लागलं तर घंटेचं बटण आहे. मामा म्हणाले, "सवय होईल. आधीचे गृहस्थ एकवीस वर्षं होते." पुढे त्यांचं काय झालं विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. निवृत्त झाले. मग घरी दार उघडं राहिलं की घाबरायचे."

संध्याकाळी काम सुटल्यावर वही इथेच लिहायची असं ठरवलंय. घरी जमत नाही. मी निजते ती खोली म्हणजे खरं तर वाट आहे. स्वयंपाकघरात जायचं तर माझ्या खाटेवरून, न्हाणीघरात जायचं तर माझ्या खाटेवरून. संचालक दादाचे शाळेपासूनचे मित्र. "माझ्या शब्दावर घेतलंय त्यांनी तुला," दादा म्हणाला, "सांभाळून राहा." दादानं माझ्यासाठी आजवर पुष्कळ केलं. ते तो विसरू देत नाही, एवढंच.

१३ जानेवारी

कॅप्टनच्या पेट्या आल्या. अकरा. आठ मजुरांनी उतरवल्या, मामांनी मोजल्या, मी सही केली.

कॅप्टन म्हणजे आमच्या संग्रहालयाचा देवच. पहिल्या महायुद्धात त्यांचं विमान इंजिन बंद पडून समुद्रात उतरलं. पाण्यावर तरंगणारं विमान ते, चाकांच्या जागी होडीसारखे दोन पोकळ फ्लोट. तीन दिवस ते पाण्यावर होते. मागच्या आसनावर निरीक्षक होता, म्हणजे नकाशा, दुर्बीण आणि कबुतरांची टोपली सांभाळणारा. तो दुसऱ्या दिवशी तहानेनं भ्रमिष्ट झाला आणि त्यानं पाण्यात उडी टाकली. कॅप्टननी तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधून सोडलं, आणि दुपारी त्यांची सुटका झाली. ही गोष्ट शाळेतली मुलंही सांगतील. गेल्या वर्षी कॅप्टन वारले, चौऱ्याऐंशीचे होऊन. २ मार्चला त्यांच्या नावाच्या नव्या दालनाचं उद्घाटन आहे. त्याआधी अकरा पेट्यांतल्या प्रत्येक कागदाचं नोंदपत्र मला टंकून ठेवायचं आहे.

पेट्यांबरोबर त्यांची मुलगीही आली. बासष्ट वर्षांची, उंच, ताठ. देणगीपत्रावर तिची सही व्हायची आहे, आणि तोवर कागद तिच्या नजरेखाली राहतील अशी तिची अट आहे. म्हणजे रोज दुपारी दोन ते पाच ती इथे माझ्यासमोर खुर्ची टाकून बसणार. एक कुलूप पुरेसं नव्हतं म्हणून दुसरं.

मी मनातल्या मनात तिला बाईसाहेब म्हणते.

१६ जानेवारी

बाईसाहेबांना जवळचं दिसत नाही म्हणे. चष्मा घरी राहतो. प्रत्येक कागद मला मोठ्यानं वाचायला लावतात. तेलाच्या पावत्या, शिंप्याची मापं, सगळं. माझा घसा बसला. आणि आज घशासाठी मी जी गोळ्यांची बाटली काढली, तिच्यावरचं मुंगीएवढं अक्षर त्यांनी हातात घेऊन वाचलं आणि म्हणाल्या, "चारच्या वर घेऊ नका." ह्या वयात डोळ्यांचं असंच असतं, कधी दिसतं, कधी नाही.

२१ जानेवारी

आज पेट्यांना सुट्टी. संचालकांनी एक जाडजूड फाइल पाठवली, उत्तर टंकायला.

फाइल निरीक्षकाच्या बहिणीची. वर्षाला एक पत्र, अशी सत्तावन्न पत्रं. पहिली शाईनं, सफाईदार. शेवटची पेन्सिलनं, ओळी खाली घसरलेल्या. मागणी एकच. संग्रहालयाच्या अंगणात युद्धात गेलेल्या वैमानिकांच्या नावांची शिळा आहे. तिच्यावर तिच्या भावाचं नाव नाही, कारण त्यानं जीव दिला असं अहवालात लिहिलंय. "तो पोहण्यात कच्चा होता," ती लिहिते. "पाण्याला भ्यायचा. तो उडी टाकणार नाही. कृपया कागद पुन्हा पाहावेत."

आणि छप्पन्न उत्तरं. सगळी एकाच साच्यातली. मीही टंकलं: "यासंबंधी आमच्या संग्रहात कोणताही कागद उपलब्ध नाही." खाली माझी आद्याक्षरं, कारण कागद पाहणारी मी. बाईसाहेबांनी लिफाफा उचलून पत्ता बराच वेळ न्याहाळला. मग विचारलं, "तुम्ही पाहिलेत का सगळे कागद?"

"अजून सहा पेट्या व्हायच्यात," मी म्हटलं.

"तरी उपलब्ध नाही म्हणून लिहिलंत."

मला राग आला. हुकूम वरून येतो, आद्याक्षरं माझी लागतात. मूग गिळायला मला कुणी शिकवावं लागत नाही.

२७ जानेवारी

माझ्या हातून मोठी चूक झाली. सहाव्या पेटीची यादी काल पुरी केली होती, एकशे चौदा वस्तू, दोनदा मोजलेल्या. आज दुपारी नकाशे परत ठेवायला पेटी उघडली तर अगदी वरच, हातमोज्यांवर, एक पत्र्याची चपटी डबी. अशी कशी सुटली माझ्या नजरेतून? तीस वर्षं पुस्तकं मोजली, आणि आता ही गत. बाईसाहेब समोरच होत्या. खजील होऊन त्यांना म्हटलं, "माफ करा, राहून गेली." त्या म्हणाल्या, "होतं असं." आवाज इतका मऊ की मी चमकलेच.

डबीत बोटभर लांबीची पातळ कागदाची गुंडाळी. कबुतराच्या पायाला बांधायची चिठ्ठी. सोबत टाचणीनं अडकवलेला एक जाड कागद.

"वाचा," त्या म्हणाल्या.

वाचलं. चिठ्ठी इथे उतरवून ठेवते.

"१८ तारीख, तिसरा दिवस, सकाळी सहा दहा. कॅप्टन कालपासून बेशुद्ध. डावा फ्लोट फुटला, दोघांचं वजन पेलत नाही. मी दोर धरून पाण्यात उतरतो. उत्तरेला दीपगृह, अंदाजे ४ मैल. लवकर या. हे शेवटचं कबूतर."

जाड कागदावर तुकडीप्रमुखाची सही आहे. "कबुतरखान्यानं तेव्हा फक्त जागा कळवली, चिठ्ठी माझ्या हाती आज आली. तू जे सांगितलंस त्यावर अहवाल वर गेला, पदक जाहीर झालं. आता मागे घेता येत नाही. लोकांना जिवंत वीर लागतो. ही तुझ्याकडेच असू दे."



२८ जानेवारी

रात्रभर स्वतःला समजावलं की कॅप्टननीच शुद्धीवर येऊन काहीतरी लिहिलं असेल. पण "कॅप्टन बेशुद्ध" असं कॅप्टन कसे लिहितील? तरी नोंदीसाठी अक्षर ताडून पाहिलं. तिसऱ्या पेटीत निरीक्षकाची आकडेमोडीची वही आहे. त्याचा चारचा आकडा डोक्यावर उघडा, कॅप्टनचा मिटलेला. चिठ्ठीतला चार उघडा.

म्हणजे त्यानं उडी टाकली नव्हती. पाण्याला भिणारा माणूस, तो वजन कमी करायला उतरला. कॅप्टन शुद्धीवर आले तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. त्यांना जे वाटलं ते, कबूतर आपणच सोडलं हेसुद्धा, त्यांनी सांगितलं असेल, इथवर मी समजू शकते. पण मग ही चिठ्ठी हातात पडली, आणि त्यांनी ती सत्तावन्न वर्षं डबीत ठेवली. दर वर्षी त्या बहिणीचं पत्र येत होतं.

आणि एकवीस तारखेचं माझं उत्तर.

२९ जानेवारी

संचालकांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला, दार लावून घेतलं. "तुम्ही फार कसोशीनं काम करता," म्हणाले. मग म्हणाले, "उद्घाटन पाच आठवड्यांवर आहे. कुटुंबाच्या भावनांचा विचार करायला हवा." डबी तपकिरी पाकिटात गेली, पाकिटावर लाखेची मोहोर, आणि वर शिक्का: कुटुंबाच्या इच्छेनुसार पन्नास वर्षं बंद. मी ह्याबद्दल कुठेही बोलणार नाही अशा कागदावर सही मागितली. केली.

बाईसाहेबांचंच हे काम. माझ्याकडून वाचून घेतलं, आणि मग संचालकांना गाठलं असणार.

३० जानेवारी

घरी दादाला नुसतं म्हटलं की, एखाद्या कागदाबद्दल खोटं लिहायची वेळ आली तर माणसानं काय करावं. दादा जेवत होता. त्याला सगळं आधीच माहीत होतं, मित्राचा निरोप आला असेल. "कागद वाळवीनं खाल्ला असता तर काय केलं असतंस?" म्हणाला. "समज, खाल्ला. माझी मान खाली जाईल असं वागू नकोस."

वहिनी भांडी आवरत होत्या. मागून म्हणाल्या, "वाळवीनं खाल्ला नाही ना पण."

दादानं पाणी मागितलं.

५ फेब्रुवारी

चिठ्ठीचं नोंदपत्र करायलाच हवं होतं, बंद पाकिटाचंही लागतं. "हस्ताक्षर" ह्या रकान्यापाशी थांबले. बाईसाहेब उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मानेवर श्वास जाणवत होता.

"नोंदीत जे दिसतं तेच लिहितात ना?" म्हणाल्या.

धमकीच ती. मी टंकलं: हस्ताक्षर अनिश्चित. त्या खुर्चीत जाऊन बसल्या, आणि पाच वाजेपर्यंत एकही कागद वाचायला सांगितला नाही. मनासारखं झालं तरी समाधान नाही.

११ फेब्रुवारी

आज अडकलो. दोघीही. वरच्या दालनात रंगारी आणि सुतार आहेत, त्यांच्यात कुणीतरी घंटेची तार तोडली. मामा सामान आणायला गेले ते कडी घालूनच. पाच वाजले, साडेपाच वाजले. मी दार ठोठावलं, वर हातोड्यांचा आवाज, कोण ऐकतं. भिंती जवळ आल्यासारख्या वाटायला लागल्या. बाईसाहेबांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"लहानपणी आम्हाला समुद्रावर न्यायचे नाहीत," त्या एकदम बोलायला लागल्या. "वडिलांना आवडत नसे. गाव समुद्राकाठचं, आणि आमच्या घराच्या त्या बाजूच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या. वर्षातून एक दिवस ते खोलीत कोंडून घ्यायचे. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं. लोक मला म्हणायचे, वीराची मुलगी. मला वाटायचं, वीर असा असतो."

मी म्हटलं, "मोठ्या माणसांचं काही आपल्याला कळत नाही."

त्यांनी हात काढून घेतला. मग विचारलं, "ते पाकीट कुणी बंद केलं?"

माझी परीक्षा बघत होत्या. "संचालकांनी. तुमच्या इच्छेप्रमाणे."

"माझ्या इच्छेप्रमाणे," त्या म्हणाल्या. मग सात वाजता मामा येईपर्यंत दाराकडे बघत बसल्या.

१८ फेब्रुवारी

निरीक्षकाच्या बहिणीचं पत्र. ती स्वतः येतेय, पंचवीस तारखेला. लिहिते, "आपल्या दुसऱ्या पत्रात कळवल्याप्रमाणे." आम्ही दुसरं पत्र पाठवलेलंच नाही. वय झालं, घोटाळा झाला असेल.

संचालक म्हणाले, "येऊ दे. उत्तराची प्रत हातात द्या, गोड बोला, पाठवून द्या." प्रत म्हणजे नव्यानं टंकायची, त्या दिवसाच्या तारखेची. म्हणजे गेल्या वेळचं अज्ञानात लिहिलेलं होतं, हे जाणूनबुजून. त्याच ओळी, तीच आद्याक्षरं. टंकताना चार कागद फुकट घालवले.

नोकरी सोडावी तर घरात ती वाट, आणि दादाचं तोंड. न सोडावी तर हे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी आधीच तळघरात.

२५ फेब्रुवारी

आजचं घरी लिहितेय, स्वयंपाकघरात. वहिनींनी ओटा पुसून जागा करून दिली आणि दार लोटून घेतलं.

ती तीन वाजता आली. एकोणऐंशी वर्षांची, मामांच्या दंडाला धरून, एकेक पायरी मोजत. डोळ्यांत मोतीबिंदू, दोन्ही. मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं. बाईसाहेब त्यांच्या जागी होत्या. मी ओळख करून दिली नाही, कशी देणार? मामा कडी घालायला विसरले, की घातली नाही, कोण जाणे.

पत्र हातात दिलं. तिनं ते चाचपलं, घडी उलगडली, परत माझ्याकडे दिलं.

"तूच वाच ग बाई. मला दिसत नाही."

मी वाचायला लागले. "आपल्या पत्राच्या संदर्भात कळवण्यात येते की, यासंबंधी आमच्या संग्रहात कोणताही कागद..." पुढचा शब्द निघेना. पाकीट ठेवलेलं कपाट माझ्या पाठीमागे तीन पावलांवर होतं. सत्तावन्न वेळा तिनं ही ओळ कुणाकडून तरी वाचून घेतली असणार.

"उपलब्ध नाही," तीच म्हणाली. "मला पाठ आहे. बरं, मी जरा दम खाऊन निघते."

मी उठले. कपाट उघडलं, तपकिरी पाकीट काढलं, लाख फोडली. तिचे तुकडे टेबलभर उडाले. त्याच वेळी जिन्यावर संचालकांचे बूट वाजले. बाईसाहेब ताडकन उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीला लावून. माझी वाटच अडवली त्यांनी. मनात म्हटलं, आता दोन्ही बाजूंनी संपलं. बाहेरून संचालक म्हणत होते, "मॅडम, जरा आत येऊ द्या," आणि त्या म्हणत होत्या, "आत काम चाललंय."

मी चिठ्ठी वाचली. शेवटपर्यंत वाचली.

म्हातारी हलली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसावं.

"पुन्हा वाचा," बाईसाहेब दारातून म्हणाल्या, वळून न बघता. मला अपमानच वाटला. पण वाचली.

"तारीख कोणती म्हणालीस?" म्हातारीनं विचारलं.

"अठरा. सकाळी सहा दहा."

"सरकारी कागदावर सतरा होती." ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "आई सतराला जेवायची नाही. ती गेल्यावर मी. सत्तावन्न वर्षं. आणि सतराला तो होता. बसला होता तिथे, शेजाऱ्याला सांभाळत." मग म्हणाली, "अठराला सकाळी मी चादरी धूत होते. छान ऊन होतं. मी गाणं म्हणत होते बहुतेक."

मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. बाईसाहेब दारातून हलल्या तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. वडिलांची अब्रू गेली, दुसरं काय होणार. मी म्हटलं, "मला माफ करा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुठल्या दुसऱ्याच भाषेत बोलले. मग म्हातारीसमोर वाकल्या, स्वतःचं नाव सांगितलं, आणि तिला हात धरून वर घेऊन गेल्या. पायऱ्या मोजण्याचा आवाज दोघींचा येत होता.

दादा आज बोलला नाही. बोलणारही नाही बरेच दिवस. वहिनींनी माझं ताट इथेच ओट्यावर आणून दिलं आणि समोर बसून राहिल्या.

३ मार्च

उद्घाटन झालं नाही, पुढे ढकललं. देणगीपत्रावर बाईसाहेबांनी सही नाकारली. अट घातली: आधी पाकिटावरचा शिक्का रद्द करा, चिठ्ठी दालनात लावा, आणि निरीक्षकाचं नाव शिळेवर घ्या. मग सही. संचालक हैराण आहेत. मीही. आपल्याच बापाविरुद्ध अशी अट का घालावी बाईनं? मामांना विचारलं तर ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "तुम्हाला कागद बरे वाचता येतात."

माझ्या नोकरीची मुदत एकतीस मार्चला संपते. वाढणार नाही, हे लेखी मिळालं. मौनाच्या कागदावरची सही मोडली, हे कारण. तोवर पेट्या पुऱ्या करायच्या आहेत. नऊला कडी, एकला कडी, पाचला कडी. घंटेची तार अजून जोडलेली नाही.

२१ मार्च

आज अकराच्या सुमारास मामांनी मधेच दार उघडलं. सोबत पाथरवट, हातात छिन्नी, कानाला पेन्सिल. बाईसाहेबांच्या अटीप्रमाणे शिळेवर कोरायच्या मजकुराचा कार्यालयातला कागद त्यानं पुढे केला. नियम असा की कोरण्याआधी दप्तरखान्याची सही लागते.

नाव बरोबर होतं. तारीख सतरा.

"ही चूक आहे," मी म्हटलं. सतरा खोडून अठरा केलं आणि ह्या वेळी आद्याक्षरं नाही, पूर्ण नाव लिहिलं.

पाथरवटानं कागद उजेडात धरला. "साहेब चालवून घेतील?"

"विचारतील."

"कधी येतात ते?"

"बाराला."

तो छिन्नी काखेत मारून म्हणाला, "तर मग आकडाच आधी कोरून घेतो. नाव काय, दुपारनंतरही होईल. नावावर आता कुणी भांडत नाही."

मामांनी कडी घातली. दप्तरखान्याचं एक टोक अंगणाखाली येतं. थोड्या वेळानं छतातून ठोके यायला लागले, सावकाश, एकसारखे. मी नववी पेटी उघडली, पण यादी सुरू केली नाही. बारा वाजेपर्यंत ऐकत बसले.